सरकारी दवाखान्याबाहेरचं आमचं अन्नदान यंदा कसं चालवायचं? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी सांगा

कोठीवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी आमचं छोटं दत्त मंदिर आहे, ट्रस्ट रजिस्टर आहे, आणि मंदिरातर्फे सरकारी दवाखान्याच्या गेटजवळ रोज दुपारी पेशंटच्या नातेवाइकांना जेवण देतो. पेशंटला आत जेवण मिळतं पण सोबत आलेल्या माणसाला काही नसतं, आणि बाळंतपणाच्या वॉर्डात तर एका पोरीबरोबर सासू, आई, एक लेकरू असे तिघंतिघं असतात. पोळी किंवा भाकरी, वरण, भात, एक भाजी, गुरुवारी शिरा. दीडशेच्या आसपास ताटं होतात. जात, धर्म, आधार कार्ड काही विचारत नाही.

आता अडचण. आमचा खर्च तीन वाटांनी भागायचा. कायम तिथी, म्हणजे कुणी आईवडलांच्या नावाने ५००१ रुपये ठेव द्यायची आणि व्याजातून दरवर्षी त्या तिथीला अन्नदान. दुसरं, आडत बाजारातले व्यापारी आणि नोकरदार यांची महिन्याची वर्गणी. आणि तिसरं, सुगीला खळ्यावरून येणारं धान्य. तर तिथीचं व्याज आता भाजीला पण पुरत नाही. व्यापारी म्हणतात उलाढालच नाही, जरा थांबा. आणि सप्टेंबर २०२५ ला जो पाऊस झाला तो सगळ्यांना माहितीच आहे, सोयाबीन उभ्याचं सडलं, काहींची तर मातीच खरडून गेली, त्या माणसाच्या दारात पावती पुस्तक घेऊन जायचं कोणत्या तोंडाने? त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५३२८ कागदावर, भिजलेल्या मालाला आडतीवर काय मिळालं ते विचारू नका. आणि ह्याच सगळ्यामुळे पंगतीला बसणारे वाढायलेत, आधी जे गाड्यावर वडापाव खाऊन भागवायचे ते पण आता रांगेत दिसायलेत.

गंमत बघा, देणं थांबवलं ते बऱ्यापैकी चाललेल्या लोकांनी. दिवाळीनंतर एक बाई आली, तिचा नवरा उन्हाळ्यात ऍडमिट होता तेव्हा आमच्याकडे जेवायची, ती एसटीने सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत दोन पायल्या ज्वारी घेऊन आली. पावती घ्या म्हटलं तर म्हणे पावती ठेवू कुठं, पोळ्या लाटायला बसू का ते सांगा. आणि बसली पण, सगळी पंगत उठेपर्यंत.

कमिटीत तीन मतं पडलीत. एक, दहा रुपयाचं कुपन लावा. दोन, आठवड्यातून चारच दिवस करा. तीन, एक पुढारी सगळा खर्च उचलायला तयार आहेत पण मंडपावर त्यांचा फ्लेक्स पाहिजे. आमचे अध्यक्ष ऐंशीच्या घरातले आहेत, ते म्हणतात दत्ताच्या दारात अन्न विकायचं नाही, विषय संपला. मी कोठी सांभाळतो, मला रोज सकाळी डाळीचा डबा दिसतो, त्यामुळे माझ्यासाठी विषय संपत नाही. तर कुणी अशा दिवसांत असलं काम टिकवलंय का, आणि नेमकं काय केलं?

बार्शीचा_माणूस

कोठीवाले दादा, पैसे मागू नका, शिधा मागा. मी बरीच वर्षं दिंडीची कोठी बघतो, अनुभवाने सांगतो. शेतकऱ्याकडे रोख नसते तेव्हा पण कणगीत काहीतरी असतं आणि द्यायची दानत पण असते, फक्त आपण पावती पुस्तक उघडलं की त्याला पाचशेच्या खालचा आकडा सांगायची लाज वाटते आणि तो उद्या या म्हणतो. तेच "दोन शेर ज्वारी द्या" म्हटलं की बाई आतून सूप भरून आणते.

नगरकडचा सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह बघितलाय का कधी? दीडशे वर्षांच्या वरची परंपरा आहे. लाखांनी माणूस जेवतो आणि मेनू काय तर आमटी आणि भाकरी. भाकरी कुणी आचारी करत नाही, आजूबाजूच्या गावांतून घरोघरी भाजून ट्रॅक्टरने येतात, ढीग लागतो अक्षरशः. एका घराला दहावीस भाकरी जड नसतात. आमटी तेवढी तिथं कढयांमधे होते. म्हणजे निम्मं सरपण, निम्मी मजुरी आणि सगळं पीठ गावांनी वाटून घेतलं, ट्रस्टच्या डोक्यावर आलं फक्त मसाला, डाळ आणि तेल. त्या भागात दुष्काळ काय कमी पडलेत का, पण सप्ताह चालूच.

तुमचं रोजचं आहे म्हणून गावांना वार लावून द्या. दवाखान्यात जी माणसं येतात ती ज्या गावांची, त्या गावांना आधी विचारा. सोमवारी अमुक गावची भाकरी, मंगळवारी तमुक. पहिल्या एसटीने किंवा दूधवाल्याच्या गाडीत टाकून येते. आमच्याकडे दूधवाला हेच करतो आणि भाडं घेत नाही, त्याला त्यात पुण्य वाटतं, आपण कशाला नाही म्हणा.

आणि एक, मंदिरात काळ्या फळ्यावर रोज लिहा आज कोठीत काय नाही. "तेल दोन दिवसाचं आहे" एवढंच लिहायचं. आवाहन, विनंती, दानशूर वगैरे शब्द नकोत, लोक ते वाचतच नाहीत.

माधुकरी

बार्शीच्या दादांना अनुमोदन. त्यात तुमचं दत्ताचं देवस्थान, म्हणजे झोळी तर घरचीच. गाणगापूरला दुपारी माधुकरी मागतात, चांगले गाडीतून आलेले लोक पण पाच घरी हात पसरतात कारण दत्त महाराज त्या वेळेला भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, त्यामुळे देणारा आणि मागणारा दोघं एकाच रांगेत. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी झोळी फेरी काढा. टाळ घेऊन सात-आठ जण, एक गल्ली, जे येईल ते. आमच्या वडलांच्या वेळी असंच चालायचं, पीठ वेगळ्या झोळीत, तांदूळ वेगळ्या. एकत्र झालं तर बायका बसून निवडतात आणि नंतर तुमच्या नावाने बोटं मोडतात.

अध्यक्ष साहेबांना पुढे चालायला सांगा. ऐंशी वर्षांचा माणूस दारात आला की कुणी दार लावत नाही.

हिशोबनीस

मी सीएच्या ऑफिसात काम करतो, ट्रस्टचेच हिशोब बघतो, त्यामुळे मी जरा रुक्ष बोलणार.

पहिलं तुमची कायम तिथी. ५००१ रुपये ज्या काळात घेतले तेव्हा एफडीला नऊ टक्के धरले तरी वर्षाला साडेचारशे मिळायचे आणि तेव्हा त्यात किराणा भरायचा. आज साडेसहा टक्के धरा, सव्वातीनशे रुपये. आणि दिवसाचा खर्च किती? सरकारने जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू केलं तेव्हा ग्रामीण भागात एका थाळीचा दर ३५ रुपये धरला होता, शहरात ५०, त्यातले दहा गिऱ्हाईक देणार आणि बाकी सरकार. तुमची मजुरी फुकट आहे म्हणून तोच जुना ३५ चा दर धरू, दीडशे ताटं म्हणजे ५२५० रुपये. हा एक दिवस नुसत्या व्याजावर चालवायचा तर ठेव पाहिजे ऐंशी हजाराच्या वर. म्हणजे फळ्यावर ज्यांचं नाव "आजचे अन्नदाते" म्हणून लागतं त्यांच्या व्याजात नऊ-दहा ताटं होतात. बाकीची एकशेचाळीस कोण देतं ते कुणाला माहितीच नसतं, आणि इथंच घोळ आहे, तिथी दिलेल्या घरांना वाटतं आपलं काम झालं. त्यांना पत्र टाका, सरळ हा हिशोब मांडा. नवीन कायम तिथी घेणं बंद करा आणि वार्षिक तिथी सुरू करा, दरवर्षी त्या वर्षीच्या खर्चाप्रमाणे. त्याचे पण तुकडे करा. गॅसची तिथी, तेलाची तिथी, भाजीची तिथी. चारशे रुपयात कुणाला "आजची भाजी आमच्या आईच्या नावाने" म्हणता आलं तर तो देतो.

जुन्या ठेवी मात्र परस्पर मोडू नका, देणाऱ्याने कायम निधी म्हणून दिलेत, आधी तुमच्या सीएला आणि धर्मादाय कार्यालयात विचारा.

दुसरं, किराणा कसा घेता? पॅकिंग आणि लेबल असलेल्या तांदूळ, डाळ, पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे पण तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला. त्याच्या वरच्या गोणीला नाही. म्हणून तर बाजारात २६ आणि ३० किलोच्या बॅगा दिसायला लागल्या. कोठीला पाच-पाच किलोची पाकिटं आणत असाल तर आजच बंद करा. केंद्राची २०१८ सालची सेवा भोज म्हणून योजना होती, फुकट जेवण देणाऱ्या धार्मिक संस्थांना तेल, तूप, साखर, पीठ, डाळ, तांदूळ ह्यावरचा केंद्राचा जीएसटी परत मिळायचा, अट महिन्याला किमान ५००० लोकांना जेवण आणि तीन वर्षं तरी काम चालू असणं. रोजची दीडशे ताटं धरली तर तुम्ही साडेचार हजारावर अडकता, पण पंगत वाढलीय म्हणता, तर ताटांची वही रोजच्या रोज लिहायला लागा. ह्या योजनेला नाही तर दुसऱ्या कशाला, वही लागतेच.

ट्रस्टला ८०जी असेल, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समधे सूट मिळत असेल, तर नोकरदारांना सांगा, पण फार आशा ठेवू नका. नव्या टॅक्स रिजिममधे ८०जी मिळतच नाही आणि आता बहुतेक पगारदार नव्यातच आहेत. तुमची महिन्याची वर्गणी आटण्यामागे हे पण एक कारण असणार, कुणी तोंडाने बोलणार नाही. जुन्यात असलेल्यांना पण २००० च्या वर रोख चालत नाही, चेक किंवा यूपीआय. आणि धान्यावर ८०जी नाही, त्यामुळे ज्वारी देणाऱ्या ताईंनी पावती घेतली नाही ते ठीकच, पण धान्याची आवक-जावक वही ठेवा, पायली नाही, किलोत.

स्पष्टच_बोलतो

सगळे लागले पुण्य मोजायला. मला एक सांगा सरकारी दवाखान्यात आलेल्या गरीब माणसाच्या जेवणाची जबाबदारी सरकारची का देवळाची? तुम्ही फुकट जेवायला घालता म्हणून तर प्रशासन गप्प बसतं. आणि देवळांकडे कळसाला सोनं चढवायला पैसे असतात, डाळीला नसतात, हे काय मला पटत नाही.

कोठीवाला

@स्पष्टच_बोलतो दादा आमच्या कळसाला ऑइल पेंट आहे, तो पण दोन वर्षं मारला नाही. जबाबदारी सरकारची आहे हे शंभर टक्के मान्य. पण दुपारी बारा वाजता गेटवर उभ्या असलेल्या माणसाला मी निवेदनाची झेरॉक्स खायला देऊ का?

मंगळवेढेकर

आमच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडलं ते बादशहाचं होतं, म्हणून तर विठोबाला रक्कम भरायला जावं लागलं. इथं कोठार पण तुमचंच आणि रक्कम पण तुम्हीच भरायची, अवघड आहे राव.

दादर_टीटी

स्पष्टच_बोलतो यांचा राग कळतो, पण मुंबईत टाटाला कधी पेशंट घेऊन आला असाल तर दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेचं महत्त्व कळेल. बाहेरगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं तिथं राहतात, केमोच्या मधल्या दिवसांत गावाकडे परत जाणं शक्यच नसतं आणि मुंबईत लॉज परवडत नाही. आमच्या काकांच्या वेळी आम्ही हे सगळं जवळून बघितलंय. गाडगेबाबा स्वतः देवळात न जाणारा माणूस, कीर्तनात मूर्तीपूजेवर, नवसाच्या बोकडांवर कोरडे ओढायचे, आणि तरी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या त्या लोकांच्या वर्गणीतूनच. स्वतः मात्र तिथलं अन्न घेत नसत, मागून आणलेली भाकरी खायचे असं जुने लोक सांगतात. १९४९ ला पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. माझं म्हणणं एवढंच की लोक देवाला देतात का माणसाला ह्यावर भांडत बसण्यापेक्षा चालवणारा त्यातलं किती स्वतः खातो हे बघावं. कोठीवाल्यांनी फ्लेक्सवाल्या पुढाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं असं मला वाटतं, एकदा फ्लेक्स लागला की बाकीचे सगळे देणारे म्हणतात आता साहेब बघतील.

नांदेडकर_७७

दादर टीटींचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आमच्या गावात सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर आहे त्यामुळे हे रोज बघतो. तिथं कोण जेवतंय आणि कोण वाढतंय हे कपड्यावरून कळत नाही, आत्ता ताटं घासणारा माणूस तासाभराने फॉर्च्युनर चालवत जातो. शीख लोकांत दसवंध म्हणून आहे, कमाईचा दहावा हिस्सा, पण ज्याच्याकडे कमाई नाही तो हाताने सेवा करतो आणि त्याला कुणी कमी समजत नाही. माझ्या मते लंगर मंदीत टिकतो तो ह्यामुळे. पैसे आटले तरी हात आटत नाहीत.

२०२० च्या लॉकडाऊनमधे पंजाबहून आलेले हजारो यात्रेकरू नांदेडला अडकले होते, महिनाभर त्यांची सोय झाली. आणि यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ हायवेवर बाबा कर्नेलसिंग खैरांचा लंगर, तेव्हा पेपरात आलं होतं, ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, आजूबाजूला एक हॉटेल उघडं नाही आणि पायी निघालेले मजूर, ट्रकवाले, पोलीस सगळे तिथं जेवायचे. तेव्हा तर कुणाचाच धंदा चालू नव्हता, तरी माल येतच होता.

तर कोठीवाले, जेवणाऱ्या नातेवाइकांना कामाला लावा. ऐकायला कसं वाटतं माहीत नाही पण वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास रिकामं बसण्याचा असतो. भाजी चिरायला द्या. जबरदस्ती नको, फक्त विळी आणि चाकू दिसतील असे ठेवा. आपोआप बसतात.

केडगाव_स्टेशन

सगळी उदाहरणं वारकरी आणि लंगरची आली म्हणून आमच्याकडचं एक सांगतो. दौंडजवळ केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास बायका-मुली घेऊन आल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातकडून अजून शेकड्यांनी. आता ह्यात तुमच्या कामाचा भाग असा की बॉस्टनला १८८७ ला रमाबाई असोसिएशन निघाली होती, तिचं मदतीचं वचन दहा वर्षांचं, आणि ती मुदत संपत आली नेमकी त्याच काळात तोंडं दहापट झाली. त्यानंतर एका मोठ्या देणगीदारावर न राहता कुठून कुठून लहान लहान रकमा येत राहिल्या, त्यांची श्रद्धा अशी की मागायचं ते देवाकडे. पण नुसती प्रार्थना करून बसल्या नाहीत, विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, छापखाना, सगळं त्या बायकांनीच चालवलं. भरल्या दुष्काळात विहीर खणायला घेणं म्हणजे काय छाती असेल बघा.

तुमच्या मंदिराला जमीन आहे का? इनामाची असली तरी अर्धा एकर भाजी लावता येईल. वांगी, दोडकी, पालक. बटाटा सोडून सगळी भाजी सुटते.

पुण्याहून

मी ती "बरं चाललेली" बाई आहे जिने देणं थांबवलं, तुमच्या ट्रस्टचं नाही, दुसऱ्या एका ठिकाणचं. का थांबवलं ते सांगते, उपयोग झाला तर बघा. तीन वर्षं दर महिन्याला पैसे पाठवत होते. बदल्यात काय यायचं तर व्हॉट्सॲपवर रोज गुड मॉर्निंग आणि जेवणाऱ्यांचे फोटो, लहान लेकरं ताट हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघतायत, म्हाताऱ्या माणसाला वाढताना चार कार्यकर्त्यांनी पळीला हात लावलेला. एकदा त्या फोटोत माझ्या ओळखीतले एक काका दिसले. सुनेच्या ऑपरेशनला गेले होते बिचारे, मास्तर होते ते, त्यांना काय वाटलं असेल. हिशोब विचारला तर म्हणे ताई तुमचा विश्वास नाही का. त्या दिवशी बंद केलं.

मला फोटो नको. महिन्याला एक कागद पाठवा, किती आलं, किती गेलं, किती ताटं, कोठीत काय शिल्लक. घाटा असेल तर घाटा लिहा, घाटा बघून माणूस उलट जास्त देतो. आयटीत आमच्याकडे पण सध्या छाटणी चालू आहे, उद्या नोकरी राहील का माहीत नाही, पण दरमहा तीनशे मी आजही देऊ शकते आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी देऊ शकतात. पाच हजार मागू नका फक्त.

आणि दहा रुपयाच्या कुपनाला माझा विरोध आहे. दहा रुपये नाहीत म्हणून रांगेतून बाजूला होणारा माणूस तुम्हाला दिसणारच नाही.

बार्शीचा_माणूस

ताई, फोटोचं शंभर वेळा बरोबर. पंगतीत जेवणाऱ्याकडे टक लावून बघू नये असं आम्हाला लहानपणी शिकवायचे.

कुपनाबद्दल मात्र थोडं वेगळं मत. काही माणसांना फुकट घशाखाली उतरत नाही, खास करून शेतकरी माणसाला. त्यांच्यासाठी बंद पेटी ठेवा, पंगतीपासून लांब, चपला काढतात तिथं. कुणी किती टाकलं कुणाला दिसू नये.

कोठीवाला

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. काल कमिटीत हे सगळं वाचून दाखवलं. चार दिवस करायचा विषय मागे पडला. फ्लेक्सला नाही म्हणायचं ठरलं, कोण जाऊन सांगणार ते ठरलं नाही. हिशोबनीस साहेबांचा तिथीचा हिशोब ऐकून अध्यक्ष बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले माझ्या वडलांची पण ५००१ चीच आहे, उद्यापासून वार्षिक करा. गुरुवारची झोळी चालू करतोय.

पेटी पण ठेवतो. जमीन नाहीये आमच्याकडे, पण भाजी मंडईतले दोन आडते सकाळच्या लिलावातून एक-एक कॅरेट बाजूला काढतो म्हणालेत, जे स्वस्त असेल ते. म्हणजे कोबीच येणार आठवडाभर, चालेल.

आता एक अडलंय. जानेवारीत तूर निघेल, पाऊस लागूनही हलक्या रानातली तूर बरी आहे म्हणतात, आणि चार-पाच गावं तूर द्यायला तयार आहेत. पण तूर म्हणजे अख्खी, डाळ नाही. ती भरडायची कुठं, जात्यावर होणार नाही एवढी. डाळ मिलवाले थोड्या मालाला मशीन लावत नाहीत म्हणे. आणि गॅसचं काय करावं, कमर्शियल सिलेंडर परवडत नाही, दवाखान्याच्या भिंतीला लागून चूल पेटवू देत नाहीत.

आडत_गल्ली

लातूरच्या डाळ बाजारात बसतो मी. मिलवाल्याला दोन पोती दाखवली तर तो नाहीच म्हणणार, सगळ्या गावांची तूर एकत्र करून एकदाच न्या, वीस-पंचवीस कट्टे झाले की ऐकतात. भरडाईचे पैसे देऊ नका, चुनी म्हणजे डाळीचा चुरा आणि भुसा त्यालाच ठेवू द्या, जनावराच्या खाद्याला त्याला चांगला भाव मिळतो, बरेच जण अन्नदानाचं म्हटल्यावर त्यावर तयार होतात. तूर वाळलेली पाहिजे मात्र, यंदाच्या ओल्या मालाला बुरशी आहे, गावातच दोन दिवस उन्हात पसरायला सांगा आणि पोत्यावर गावाचं नाव लिहून घ्या, एका गावाचा खराब निघाला तर सगळ्यांचा कमी नको यायला. वजन काट्यावर झालं की पावती ट्रस्टच्या नावाने घ्या. डाळीचा उतारा शंभर किलोला सत्तरच्या आसपास धरा, मिलवाला साठ म्हणाला तर दुसऱ्याकडे जा.

गॅससाठी, भाकरी गावांतून आली तर तुमचा निम्मा गॅस तसाच वाचतो. वरणाची डाळ रात्री भिजत घाला, मोठ्या कुकरमधे शिजवा, पातेल्यात उघडी शिजवू नका. भात मंदिरात चुलीवर करून गरम गरम टेम्पोने न्या, पातेल्याला पोतं गुंडाळलं की दोन तास वाफ राहते. सरपणाला सॉ मिलवाल्याला विचारा, सालपट फुकट देतात, फक्त उचलून न्यावं लागतं.

आणि तुरीचं कधी आणणार ते आठ दिवस आधी इथंच लिहा, हमाल मंडळींशी मी बोलून ठेवतो, अशा मालाची हमाली ते लावत नाहीत.